वाल आणि वाटाणा यांच्या उरलेल्या दाण्यांची घरगुती सांठवण

पौष सरून माघ लागला म्हणजे दिवेआगराच्या भातखाचरांतील वालाचे वेल शेंगांनीं लगडतात, आणि त्याच सुमारास पुण्याकडून ताम्हिणी घाट उतरून माणगांव-म्हसळ्याच्या वाटेनें मटाराच्या शेंगांचीं पोतीं आपल्या बाजारांत येऊं लागतात. शेताच्या बांधावर पोपटीचीं मडकीं लागतात, घरोघर ओल्या दाण्यांची उसळ होते, आणि चार-सहा आठवडे दाण्यांची चंगळ असते. परंतु हा हंगाम थोडक्या दिवसांचा. माल एकदम हातीं येतो तो खाऊन संपत नाहीं. विकावयास न्यावा, तर सर्वांचाच माल त्याच वेळीं बाजारांत असल्यामुळें भाव उतरलेला असतो. पुढें आषाढ-श्रावणांत मात्र तेंच घर मूठभर दाण्यांसाठीं दुकानाची वाट धरतें. माघांतील हा भर श्रावणापर्यंत कसा पोहोंचवावा, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

सांठवणीच्या रीती पुष्कळ आहेत. परंतु समुद्रकाठच्या गांवीं त्यांची निवड दोन गोष्टी पाहून करावी लागते. पहिली हवेंतील ओल, आणि दुसरी विजेचा भरंवसा. या दोन्हींचा विचार करून आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, पावसाळ्यापार न्यावयाचा सांठा वाळलेलाच असावा. गोठविलेला सांठा मृगापूर्वीं संपवावा. आणि ओले दाणे नुसत्या पाण्यांत उकळून बाटलीबंद करण्याच्या भानगडींत कोणीं पडूं नये. यांतील प्रत्येक गोष्टीचें कारण पुढें क्रमानें दिलें आहे.

दोन पिकांचे दोन स्वभाव

वाल व वाटाणा हीं दोन्ही पिकें शिंबी वर्गांतील खरीं. पण त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. वाल हें कोंकणच्या मातींत मुरलेलें पीक. भात कापून खाचर मोकळें झालें कीं जमिनींत उरलेल्या ओलीवर तें पेरतात. त्यास वेगळें पाणी बहुधा लागत नाहीं, आणि मुळांवरील गांठींच्या योगानें हवेंतील नत्र बांधून तें पुढील भातासही उपकारक होतें. वाल वेलीवरच वाळूं दिला तर दाणा पूर्ण भरतो व टणक होतो. हाच आपल्या रायगड जिल्ह्याचा नांवाजलेला कडवा वाल. तो भिजवून, मोड आणून व सोलून त्याचें बिरडें करितात, हें येथील गृहिणींस सांगावयास नको.

वाटाण्यास मात्र थंडी लागते. सुमारें १० ते १८ अंश सेल्सिअस उष्णमान त्यास मानवतें. समुद्रकाठच्या उबदार हिवाळ्यांत त्याचा फुलोरा नीट धरत नाहीं. म्हणून आपण खातो तो वाटाणा बहुतेक घाटावरचा असतो. शिवाय बागाइती गोड वाटाण्यांत साखर अधिक व पिष्ट कमी असल्यामुळें तो पिकून वाळला कीं सुरकुततो. ग्रेगोर मेंडेल यानें १८६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आनुवंशिकतेच्या प्रयोगांत गोल दाणा आणि सुरकुतलेला दाणा असा जो भेद घेतला होता, तो हाच. दुकानांत मिळणारा गोल, वाळका वाटाणा निराळ्या जातींचा असतो. तेव्हां गोड वाटाणा राखावयाचा तर तो कोंवळा असतांनाच राखला पाहिजे.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शेंग तोडल्यापासून दाण्यांतील साखरेचें पिष्टांत रूपांतर होऊं लागतें, आणि उबदार हवेंत तें कांहीं तासांतच जिभेस जाणवूं लागतें. घाट उतरून येणारी शेंग अगोदरच एक-दोन दिवसांची झालेली असते. म्हणून ती ज्या दिवशीं घरीं येईल त्याच दिवशीं सोलून कामास लावावी. उद्यांवर टाकलेला वाटाणा कोणत्याही रीतीनें राखला तरी गोड लागत नाहीं.

यावरून निवड अशी ठरते: वालाचा मोठा भाग वेलीवर वाळवावा; कांहीं ओले वाल आणि सर्व वाटाणा वाळविण्यासाठीं किंवा गोठविण्यासाठीं ठेवावा.

दाणा कां नासतो?

ओल्या वाटाण्यांत तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असतें. जेथें इतकें पाणी तेथें बुरशी व सूक्ष्म जंतु यांस मोकळें रान असतें. जंतु नसले तरी दाण्याच्या अंगचीं पाचक द्रव्यें आपलें काम चालूंच ठेवितात, आणि त्यामुळें रंग, वास व गोडी हीं तिन्ही उतरतात. म्हणून राखण्याची कोणतीही रीत घेतली तरी तिचीं कामें दोनच: पाणी काढून घेणें किंवा थिजविणें, आणि पाचक द्रव्यांचें काम थांबविणें.

वाळलेल्या दाण्याची अडचण निराळी. दाणा हा हवेशीं सतत देवघेव करीत असतो. कोरड्या हवेंत तो पाणी सोडतो, दमट हवेंत परत घेतो. दर शेंकडा ९-१० भागच ओल उरलेला उत्तम वाळलेला वाल पावसाळ्यांत उघड्या टोपलींत ठेविला, तर थोड्याच आठवड्यांत तो पुन्हा बुरशी धरण्याइतका ओलावतो. कारण त्या दिवसांत किनाऱ्यावरील हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा ८० च्या वर राहते. देशावरचा शेतकरी ज्या गोणींत कडधान्य निर्धास्त ठेवितो, ती गोणी आपल्या उपयोगी पडत नाहीं, याचें कारण हेंच. आपल्याकडे वाळविणें हें अर्धें काम. हवा बंद करणें हें उरलेलें अर्धें.

वेलीवर वाळलेला वाल

शेंगा गवती पिंवळ्या होऊन हलविल्या असतां आंत दाणा वाजूं लागला म्हणजे वाल काढणीस आला असें समजावें. काढणी पहांटे, अंगावर दंव असतांना करावी. ऊन चढल्यावर शेंगा तडकून दाणे शेतांतच गळतात. काढलेले वेल सारवलेल्या खळ्यावर पसरून दोन-तीन दिवस वाळूं द्यावे, मग काठीनें झोडून व वारवून दाणे वेगळे करावे. फुटका, किडका व सुरकुतलेला दाणा याच वेळीं निवडून काढावा. कारण पुढें कीड लागते ती प्रथम अशा दाण्यांच्या आश्रयानें.

निवडलेला दाणा पुन्हा तीन-चार दिवस पातळ थरानें उन्हांत घालावा. सकाळीं दंव पूर्ण उडाल्यावर पसरावा आणि सूर्य कलण्यापूर्वीं, चारच्या सुमारास, गोळा करावा. खारा वारा व संध्याकाळची ओल दिवसभराच्या उन्हाची कमाई बुडवितात. दांताखालीं दाणा चेपला न जातां कट्‌ असा फुटला म्हणजे तो वाळला. यानंतर जी घाई बहुतेक घरीं होते ती टाळावी. तापलेला दाणा लागलाच डब्यांत भरला तर आंत घाम येतो, आणि त्या घामानें तळचा थर बुरसटतो. दाणा सावलींत पूर्ण निवूं द्यावा व मगच भरावा.

भुंग्याचा बंदोबस्त

वाळल्या वालाचा खरा शत्रु म्हणजे कडधान्याचा भुंगा. पुष्कळांची अशी समजूत असते कीं तो डब्यांत कोठून तरी शिरतो. वस्तुतः त्याची मादी शेतांतच शेंगांवर अंडीं घालते, आणि कीड दाण्याच्या पोटांत बसून आपल्याबरोबर घरीं येते. दाण्यावर पांढरट ठिपके दिसतात तीं अंडीं होत. अळी आंतल्या आंत दाणा पोखरते, आणि उबदार हवेंत सुमारें महिन्याभरांत नवा भुंगा वाटोळें भोंक पाडून बाहेर येतो. तो पुन्हा अंडीं घालतो. या हिशेबानें चैत्रांत दिसलेले दहा भुंगे श्रावणापर्यंत सबंध डब्याचें पीठ करूं शकतात. म्हणून बंदोबस्त भरतेवेळींच करावा. त्यासाठीं घरांत होण्यासारखे उपाय असे:

पहिला उपाय उन्हाचा. चैत्र-वैशाखांत भर दुपारीं काळ्या कापडावर दाण्यांचा एकेरी थर पसरून वर पारदर्शक प्लॅस्टिक झांकावें व कडा दगडांनीं दाबाव्या. आंतील उष्णमान ५७ अंशांवर जाऊन तेथें तासभर टिकलें म्हणजे अंडीं, अळ्या व भुंगे हीं सर्व मरतात. हा उपाय फक्त खाण्याच्या दाण्यासाठीं करावा. बियाण्यास इतकी उष्णता देऊं नये.

दुसरा उपाय तेलाचा. एक किलो दाण्यांस ५ ते १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे एक-दोन चमचे, खोबरेल किंवा दुसरें खाद्य तेल हातानें नीट चोळावें. तेलाच्या पातळ लेपानें अंड्यांस हवा मिळत नाहीं व तीं मरतात. दिवेआगरासारख्या नारळाच्या गांवीं हें तेल घरचेंच असतें. डाळींब्यांच्या चवीस त्याची बाधा येत नाहीं. मात्र अधिक तेल घातल्यास तें पुढें खंवट होतें.

तिसरा उपाय राखेचा किंवा मातीचा. चुलींतील लांकडाची राख थंड करून, चाळून, चार मापें दाण्यांस तीन मापें या प्रमाणांत मिसळावी आणि वर दोन बोटें राखेचाच थर द्यावा. राखेमुळें भुंग्यास दाण्यांमधून हिंडतां येत नाहीं. ज्या चुलींत प्लॅस्टिक किंवा रंगविलेलें लांकूड जाळलें असेल तिची राख कदापि घेऊं नये. तांबड्या मातीचा लेप देऊन कडधान्य वाळवून ठेवण्याची जुनी चालही याच तत्त्वावर आहे. माती स्वच्छ असावी, आणि लेप दिल्यावर दाणा पुन्हा कडक वाळवावा, एवढीच अट.

चौथा उपाय कोंडलेल्या हवेचा, आणि किनाऱ्यावर आम्हांस हा सर्वांत भरंवशाचा वाटतो; कारण यानें ओल व भुंगा या दोहोंचाही बंदोबस्त एकदम होतो. घट्ट झांकणाचें प्लॅस्टिकचें पिंप, पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी कांठोकांठ भरावी आणि झांकणाच्या सांधीवर मेण किंवा चिकटपट्टी लावावी. आंत उरलेला थोडा प्राणवायु भुंगे स्वतःच संपवितात, आणि मग त्यांची वाढ खुंटून ते मरतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनीं कॅमेरून देशांतील शेतकऱ्यांसाठीं चवळी सांठविण्याच्या ज्या तिहेरी पिशव्या तयार केल्या, त्यांचेंही मर्म हेंच होतें. मात्र पिंप वरचेवर उघडल्यास सर्व खटपट फुकट जाते. म्हणून एका मोठ्या पिंपापेक्षां महिन्याच्या खर्चाचे लहान लहान डबे बरे.

कांहीं घरीं दाण्यांस बोरिक पावडर चोळतात. तें खाण्याचें द्रव्य नव्हे. पोटांत जाऊन, विशेषतः मुलांस, अपाय करितें. तसेंच अल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरांत कोणींही वापरूं नयेत. ओलाव्याशीं त्यांचा संबंध येतांच फॉस्फीन नांवाचा प्राणघातक वायु सुटतो. दाणे वांचविण्यासाठीं माणसें धोक्यांत घालण्याचा हा प्रकार आहे.

ओले दाणे वाळविणें

ओले वाल किंवा वाटाणे तसेच उन्हांत टाकले तर ते वाळतात खरे. पण रंग उडतो, वास गवतासारखा येतो आणि पुढें कितीही शिजविले तरी दाणा रबरासारखा राहतो. याचें कारण वर सांगितलेलीं पाचक द्रव्यें. त्यांचा निकाल लावण्यासाठीं दाण्यांस प्रथम उकळत्या पाण्याची वाफळणी द्यावी. फडक्याच्या पुरचुंडींत दाणे बांधून खळखळ उकळत्या पाण्यांत तीन मिनिटें बुडवावे, लगेच गार पाण्यांत काढावे व निथळून कोरड्या फडक्यावर पुसावे. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालण्याची चाल आहे. सोड्यानें रंग राहतो. पण जीवनसत्त्व ब-१ नष्ट होतें आणि दाणा पिठाळ होतो. आमच्या मतें रंगाचा थोडा तोटा पत्करावा.

निथळलेले दाणे चटईवर किंवा चाळणींत एकेरी पसरून वर पातळ मलमल टाकावी. मलमलीनें माश्या दूर राहतात आणि कडक उन्हानें रंगही फारसा उडत नाहीं. पत्र्याच्या छपरावर घालावयाचे असतील तर पत्र्यावर थेट न घालतां मध्यें चटई ठेवावी. हवा खालून-वरून खेळेल अशी मांडणी असल्यास उत्तम. संध्याकाळीं घरांत घ्यावे. भरडखोलासारख्या मासेमारीच्या गांवांशेजारीं मासळी वाळत असते. तिच्या वाऱ्यास दाणे घातले तर तो वास पुढें कशानेंही जात नाहीं. हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हांत तीन-चार दिवसांत दाणे वाळतात. मळभ आलें तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां ते मंद भट्टीवर किंवा चुलीच्या उबेवर पुरे करावे. अर्धवट वाळून रात्रभर राहिलेला दाणा आंबतो.

वाळला कीं नाहीं हें ओळखण्यास दगडावर ठेवून हातोडी मारावी. दाणा चपटा न होतां फुटून त्याचे तुकडे उडाले पाहिजेत. मग काचेच्या बरणींत दोन-तृतीयांश भरून आठवडाभर रोज हालवावी. कमी-अधिक वाळलेल्या दाण्यांतील ओल यामुळें सारखी वांटली जाते. काचेवर आंतून बाष्प दिसलें तर पुन्हा ऊन द्यावें. न दिसल्यास बरणी घट्ट बंद करून अंधाऱ्या जागीं ठेवावी.

उत्पन्नाचा अंदाज असा धरावा: १० किलो वाटाण्याच्या शेंगा सोलल्या असतां साडेचार किलोंच्या आसपास दाणे निघतात, आणि ते वाळून एक किलोच्या थोडे वर भरतात. एवढा माल दोन लहान बरण्यांत मावतो व चांगला राखल्यास पुढच्या हंगामापर्यंत टिकतो. वापरतांना रात्रभर भिजत घालावा. ओल्या दाण्याची सर त्यास येत नाहीं. परंतु आमटी, उसळ व भाताच्या कामीं तो उत्तम येतो.

गोठविणें

चव व रंग यांच्या दृष्टीनें गोठविण्यासारखी दुसरी रीत नाहीं. अमेरिकेंत क्लॅरेन्स बर्डसाय याच्या पद्धतीनें झटपट गोठविलेले पदार्थ १९३० सालीं प्रथम किरकोळ विक्रीस मांडले गेले, त्यांत वाटाणा होता. घरीं करावयाची कृति साधी आहे. अर्धा किलो दाण्यांस चार लिटर पाणी या मानानें पाणी खळखळ उकळावें. वाटाणा दीड मिनिट, ओले वाल आकाराप्रमाणें दोन ते चार मिनिटें त्यांत बुडवावे. पाणी पुन्हा उकळूं लागल्यापासून वेळ मोजावी. लगेच बर्फाच्या पाण्यांत तितकाच वेळ गार करून पूर्ण निथळावे, ताटांत एकेरी पसरून गोठवावे आणि मग लहान पिशव्यांत हवा काढून भरावे. असें केल्यानें दाण्यांचा गोळा होत नाहीं. उणें १८ अंशांवर हा माल आठ ते बारा महिने चांगला राहतो. एका दाराच्या साध्या फ्रिजमधील बर्फाचा कप्पा मात्र बहुधा इतका थंड होत नाहीं. त्यांतील माल थोड्या आठवड्यांतच संपवावा.

इतके गुण असूनही गोठविलेल्या मालावर पावसाळ्याची भिस्त ठेवूं नये असें आम्ही म्हणतों, त्याचें कारण आपल्या किनाऱ्यानें पाहिलेलें आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां श्रीवर्धन तालुक्यांत नारळी-पोफळीच्या वाड्या मोडून पडल्या, घरांचीं छपरें उडालीं आणि विजेचे खांब आडवे झाल्यामुळें गांवोगांव कित्येक दिवस वीज नव्हती. भरलेला शीतकप्पा न उघडतां ठेविला तर सुमारें ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारें २४ तास थंडी धरतो. त्यापुढें तो नुसती पेटी. एकदा वितळून उबदार झालेले दाणे पुन्हा गोठवूं नयेत व खाऊंही नयेत. म्हणून गोठविलेला सांठा चैत्र-वैशाखासाठीं समजावा. त्या सुटीच्या दिवसांत दिवेआगरीं पाहुण्यांची गर्दी असते, आणि ज्यांच्या घरीं पर्यटकांच्या जेवणाची सोय आहे त्यांस ओल्या वालाची उसळ मे महिन्यांत वाढतां आली तर तिचें मोलही चांगलें येतें. मृग निघण्यापूर्वीं कप्पा रिकामा झाला पाहिजे, हा नियम घरांत पाळावा.

बाटलीबंद दाण्यांचा धोका

या विषयावर थोडें विस्तारानें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. काचेच्या बाटलींत ओले दाणे व मिठाचें पाणी भरून, ती बाटली पातेल्यांत तास-दोन तास उकळून बूच मारण्याची रीत लोक एकमेकांस सांगतात. तिला इतिहासही मोठा आहे. पॅरिसच्या निकोला अपेर नांवाच्या मिठाईवाल्यानें याच रीतीनें वाटाणा व इतर पदार्थ राखून दाखविले, आणि १८१० सालीं फ्रान्सच्या सरकारनें त्यास १२,००० फ्रँकचें बक्षीस दिलें. परंतु पदार्थ कां टिकतो हें अपेरला ठाऊक नव्हतें. जंतूंचें शास्त्र त्यानंतर अर्ध्या शतकानें लुई पाश्चरच्या हातून उभें राहिलें. मातींत राहणाऱ्या ‘क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम’ या जंतूचा शोध १८९५ सालच्या एका विषबाधेवरून बेल्जियमच्या व्हॅन एर्मेंगेम यानें लावला, आणि मग या रीतींतील धोका उघड झाला.

या जंतूचीं बीजें उकळत्या पाण्यांत मरत नाहींत. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांच्या वर तापत नाहीं. मग तें तासभर उकळा कीं दिवसभर उकळा. बीजें मारण्यासाठीं दाबाखालील वाफेची सुमारें १२१ अंश उष्णता लागते. वांचलेलीं बीजें हवाबंद, कमी आंबट व कोंबट अशा जागीं रुजून विष तयार करितात. आणि वाल-वाटाण्याची बाटली म्हणजे नेमकी तशीच जागा. हें विष अत्यल्प मात्रेंतही प्राणघातक असून बाटलीस वास किंवा वेगळी चव येईलच असें नाहीं. एक वस्तु दोन दिसणें, पापण्या जड होणें, बोलतां किंवा गिळतां न येणें, मग श्वास अडकणें अशीं लक्षणें बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात. तीं दिसतांच रोग्यास विनाविलंब रुग्णालयांत न्यावें.

घरांतील शिटीचा कुकर या कामीं येईल काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर नाहीं असेंच आहे. बाटलीच्या मध्यापर्यंत ठरलेली उष्णता ठरलेला वेळ पोहोंचली कीं नाहीं हें त्यांत कळत नाहीं, आणि लहान भांडें लवकर तापून लवकर निवत असल्यामुळें हिशेबांतील वेळ अपुरा पडतो. बाहेर देशीं या कामासाठीं दाबमापक लावलेलीं मोठीं खास भांडीं असतात. कारखान्यांतील डबे सुरक्षित असतात ते अशाच यंत्रांमुळें. शिजविलेले दाणे हवा काढलेल्या पाकिटांत भरून साध्या हवेंत ठेवणें व विकणें यांतही हाच धोका आहे. पाहुण्यांस घरगुती माल विकणाऱ्यांनीं हें विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें. वाळलेला दाणा विकण्यास ही भीति नाहीं.

लोणच्याची गोष्ट निराळी. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर यांनीं पदार्थाची आम्लता पुरेशी वाढली, म्हणजे शास्त्रज्ञांच्या सामूचा अंक ४.६ किंवा त्याखालीं आला, तर हा जंतु वाढत नाहीं. पण दाण्याच्या पोटापर्यंत आंबटपणा मुरावा लागतो. नुसत्या तेलांत बुडविलेला दाणा आंबट होत नाहीं. म्हणून दाण्यांचें लोणचें थोडें करावें, लिंबू सढळ घालावें, फ्रिजमध्यें ठेवावें व आठवड्याभरांत संपवावें.

बियाण्याचा वांटा

घरचा सर्व वाल खाण्यासाठींच मोजणें ही दूरदृष्टीची गोष्ट नव्हे. मार्गशीर्षांत पेरावयाचें बियाणें फाल्गुनांतच वेगळें काढावें. निरोगी व भरघोस वेल आधींच खूण करून ठेवावे, त्यांच्या शेंगा पोपटीस न तोडतां वेलीवर पूर्ण वाळूं द्याव्या. हें बीं सौम्य उन्हांत वाळवून, तेल किंवा राख लावून, लहान घट्ट डब्यांत भरावें आणि डब्यावर सालाची चिठ्ठी लावावी. डबा माळ्यावर न ठेवतां, जमिनीपासून उंच फळीवर, घरांतील सर्वांत थंड व अंधाऱ्या जागीं ठेवावा. वादळांत प्रथम जातें तें छप्पर. माळ्यावरच्या गोणींतील बीं त्याबरोबर भिजतें.

पेरणीपूर्वीं पंधरा दिवस १०० दाणे मोजून ओल्या फडक्यांत गुंडाळावे व फडकें ओलसर ठेवावें. आठवड्याभरांत ८० वर मोड आले तर बीं निर्धास्त पेरावें. साठच आले तर त्या मानानें दाट पेरावें. त्याहून कमी आले तर दुसरें बीं शोधण्यास अजून वेळ आहे, असें समजावें. या परीक्षेस खर्च कांहींच नाहीं, आणि तिच्यावांचून पेरलेल्या खाचरांत विरळ उगवण झाली तर तो हंगाम परत मिळत नाहीं.

वर्षाची आंखणी

वरील सर्व विवेचनाचा उपयोग व्हावा म्हणून घरांत पुढीलप्रमाणें क्रम ठेवावा. माघांत पोपटी व उसळीपुरत्या ओल्या शेंगा तोडाव्या. वाटाणा आणल्या दिवशीं सोलून निम्मा गोठवावा, निम्मा वाळवावा. फाल्गुनांत वेलीवरचा वाल काढून झोडावा आणि बियाणें वेगळें करावें. चैत्र-वैशाखांत खाण्याच्या दाण्यास अखेरचें कडक ऊन द्यावें, निवूं द्यावें, व डबे मोहोरबंद करावे. याच महिन्यांत गोठविलेला माल खर्ची घालावा. ज्येष्ठ लागतां शीतकप्पा रिकामा असावा आणि फळीवरचे डबे भरलेले असावे. मग आषाढ-श्रावणांत दर महिन्यास एकेक डबा उघडावा, आणि उघडल्यावर प्रथम वास घ्यावा व मूठभर दाणे उजेडांत पाहावे. एका डब्यांत भोंकें दिसलीं तर तेवढाच डबा संपवावा किंवा सात दिवस शीतकप्प्यांत ठेवून कीड मारावी. बाकीच्यांस हात लावूं नये.

ज्या घरीं दोन पायल्या वाल जास्त होतो, त्या घरास यांतील कोणतीही गोष्ट अवघड नाहीं. फडकें, चाळणी, खोबरेल, राख व चार घट्ट झांकणाचे डबे एवढीच काय ती सामुग्री. येत्या हंगामांत आमच्या सभासद बंधुभगिनींनीं निदान एक डबा या रीतीनें भरून श्रावणांत उघडून पाहावा, आणि आंत काय आढळलें तें आम्हांस कळवावें, अशी आमची विनंती आहे.